ज्वारीची राखण आणि बारा बोअरची बंदूक



जिल्ह्याजिल्ह्यांतल्या बैठकांत भावाची चर्चा होते, कर्जाची होते, विजेची होते. बैठक संपून पाने वाढली की कुणीतरी शेजारी येऊन बसतो आणि हळूच विचारतो, "भाऊ, रोह्यानं पऱ्हाटी ठेवली नाही, डुकरानं जवारी झोपवली. बंदुकीचं लायसन कसं भेटते ते सांगा." हा प्रश्न व्यासपीठावर कुणी काढत नाही. बंदुकीचे नाव काढले की पोलिसांच्या डायरीत आपले नाव चढेल ही भीती. म्हणून आज तो इथे छापून काढतो आहे. कायद्याने जे मागायची मुभा आहे ते चारचौघांत मागायला लाजायचे कशाला?

मी शेतकीचा पदवीधर. कॉलेजात आम्हाला खोडमाशी शिकवली, बोंडअळी शिकवली, काणी शिकवली. रानडुकराचा धडा अभ्यासक्रमात नव्हता. तो मी घरी शिकलो. माझे गाव पनवेल तालुक्यात, कर्नाळ्याच्या अंगाला. आमच्याकडे भात, वरी, नाचणी. तुमच्याकडे ज्वारी, कापूस, तूर. पीक वेगळे, डुक्कर तेच. फरक एवढाच की कोकणात शेती संरक्षणाची ठासणीची बंदूक ही जुनी गोष्ट आहे. कौलारू घरात आढ्याला टांगलेली ती नळी पाहतच आमची पिढी वाढली. तिचे गुण आणि अवगुण दोन्ही आम्ही पाहिले आहेत. तुमच्याकडे आज जो बंदूक मागतो आहे त्याने ते ऐकून मग ठरवावे.

कायदा काय म्हणतो

१८७८ साली इंग्रजाने हत्यारांचा कायदा केला आणि या देशातल्या माणसाच्या हातातले हत्यार काढून घेतले. गोऱ्यांना त्यातून सूट होती. त्याच राज्याने जंगलही घेतले. २५ सप्टेंबर १९३० ला आमच्या शेजारी चिरनेरला, अक्कादेवीच्या डोंगरावर, जंगल सत्याग्रहाला गेलेल्या लोकांवर गोळीबार झाला. जंगल सरकारचे, बंदूक सरकारची, आणि रानाच्या कडेला पीक काढायचे मात्र आपण, ही वाटणी तेव्हाची आहे.

स्वातंत्र्यानंतर १९५९ चा शस्त्र कायदा आला. त्याचे तेरावे कलम प्रत्येक कोरडवाहू शेतकऱ्याने माहीत करून घ्यावे. पिकाच्या खऱ्याखुऱ्या संरक्षणासाठी नागरिकाने ठासणीच्या बंदुकीचा परवाना मागितला, आणि नाकारण्याजोगे काही कारण नसले, तर अधिकाऱ्याने तो द्यायचा आहे. ठासणीची पुरेशी पडणार नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली तर तो काडतुसाच्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा परवाना देऊ शकतो. नळी वीस इंचांपेक्षा आखूड नसावी. चौदावे कलम आणखी एक गोष्ट सांगते. अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही. म्हणजे दोन एकरवाल्यालाही तोच हक्क आहे जो पन्नास एकरवाल्याला आहे. नाकारायचे असेल तर कारण लेखी नोंदवावे लागते आणि त्यावर अपील करता येते.

कागदावर हे असे आहे. कचेरीत काय होते ते तुम्ही जाणता. अर्ज जातो, पोलिसांचा अहवाल मागवला जातो, तो येत नाही, आला तर सापडत नाही. दरम्यान हुरडा येऊन जातो, कापूस वेचून होतो. २०१६ च्या नियमांनी शस्त्र हाताळण्याच्या प्रशिक्षणाचा दाखलाही जोडायला सांगितले. प्रशिक्षण हवेच, त्याला माझा विरोध नाही. पण ते तालुक्याला मिळायची सोय कोण करणार?

आणि एक अट तर अनेकांना ठाऊकच नसते. वन्यजीव कायद्याच्या चौतिसाव्या कलमाप्रमाणे अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकाने आपल्या हत्याराची वन खात्याकडे नोंद करायची असते, आणि त्या पट्ट्यात नवा परवाना राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकाच्या संमतीशिवाय मिळत नाही. आमच्याकडे कर्नाळा, तुमच्याकडे टिपेश्वर, पैनगंगा. म्हणजे जिथे जनावराचा त्रास सर्वांत जास्त, तिथेच परवाना सर्वांत अवघड.

परवाना बंदुकीचा, शिकारीचा नव्हे

इथे एक गैरसमज मोडून काढला पाहिजे, कारण त्यापायी आपली माणसे तुरुंगात जातात. बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारायचा परवाना नव्हे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली. रानडुक्कर आणि रोही पूर्वी तिसऱ्या अनुसूचीत होते. २०२२ च्या दुरुस्तीनंतर ते दुसऱ्या अनुसूचीत आले. उभ्या पिकाला धोका झाला तर अकराव्या कलमाखाली लेखी परवानगी मिळू शकते, आणि महाराष्ट्र सरकारने २०१५ साली रानडुक्कर व रोही यांच्याबाबत स्थानिक वन अधिकाऱ्याकडे अर्ज करायची वाट मोकळी केली. ती परवानगी हातात असल्याखेरीज गोळी झाडू नका. काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे. त्याच्यावर नळी रोखण्याचा विचारही करू नका.

परवानगीने मारलेले जनावर सरकारची मालमत्ता ठरते. त्याचे मांस खाता येत नाही, विकता येत नाही. ठीक आहे, नको आम्हाला ते मांस. पण एक साधा हिशेब मी जाहीरपणे विचारतो. मेलेले डुक्कर जर सरकारचे, तर जिवंतपणी त्याने खाल्लेली ज्वारी कुणाच्या खाती मांडायची?

बोअर म्हणजे काय

आता बंदुकीकडे वळू. दुकानात गेलात की दुकानदार बारा बोअर, सोळा बोअर, वीस बोअर असे आकडे फेकतो. पुष्कळांना वाटते, वीस बारापेक्षा मोठी. तसे नाही. कापूसवाल्याला हे समजावणे सोपे आहे. सुताचा नंबर आठवा. वीस नंबरचे सूत जाडे, साठ नंबरचे बारीक; कारण एका पौंडात किती लडी बसतात त्यावर तो नंबर. बंदुकीचेही तसेच. नळीच्या तोंडात नेमक्या बसतील अशा शिशाच्या गोल गोळ्या एका पौंडात किती होतात, तो बोअरचा आकडा. एक पौंड म्हणजे ४५४ ग्रॅम. त्याच्या बारा गोळ्या केल्या तर एक गोळी सुमारे ३८ ग्रॅमची, नळीचा व्यास १८.५ मिलिमीटर. वीस केल्या तर गोळी पावणेतेवीस ग्रॅमची, व्यास १५.६ मिलिमीटर. आकडा वाढला की नळी बारीक. 'चारशे दहा' तेवढी या हिशेबाबाहेरची आहे. तिचा आकडा इंचाचा, म्हणजे ०.४१० इंच, जेमतेम साडेदहा मिलिमीटर. ती डुकरासाठी नव्हेच.

कॅलिबर हा शब्द मुख्यतः रायफलीचा. तो थेट व्यास सांगतो. आपल्याकडची ३१५ ची रायफल म्हणजे ०.३१५ इंच, आठ मिलिमीटर. तिच्या नळीत आतून पीळ असतो, गोळी फिरत जाते आणि दोन किलोमीटरच्याही पुढे जाऊ शकते. रोह्याला तीच लागते असे कुणी सांगेल, आणि दोन-अडीचशे किलोच्या नराचा विचार केला तर त्यात तथ्य आहे. पण जरा आपले शिवार डोळ्यांपुढे आणा. कोकणात गोळी चुकली तर डोंगरात जाते. काळ्या रानात सपाट शिवार, पलीकडे दुसऱ्याची जागल, त्याच्या पलीकडे गाव. चुकलेली रायफलची गोळी थांबवायला तिथे पऱ्हाटीखेरीज काही नाही. आपल्या रानाला रायफल नको, असे माझे स्पष्ट मत आहे.

बंदुकीत छर्रे घातले तरी निष्काळजी राहू नका. सहा नंबरचा बारीक छर्रा दोनशे मीटरपर्यंत जातो. एस.जी.चा दाणा ८.४ मिलिमीटरचा, एका काडतुसात साधारण नऊ; तो अर्ध्या किलोमीटरच्याही पुढे जाऊन माणसाला इजा करू शकतो. मात्र जनावर जागेवर पडेल असे त्याचे अंतर पंचवीस-तीस मीटर, फार नाही. छर्रे पुढे पांगत जातात. पन्नास मीटरवर नऊपैकी दोन लागले तर डुक्कर मरत नाही, जखमी होते. त्याच्या खांद्यावर चामडीखाली जाड कवच असते. पाखरांच्या छर्ऱ्याने ते फक्त चिडते. जखमी डुक्कर सकाळी ज्वारीत बसलेले सापडते, आणि सापडते ते बहुधा कापणीला आलेल्या बाईला. अशी गोळी झाडणाऱ्याने राखण केली नाही, शेजारणीच्या जिवाशी खेळ केला.

धक्का

मी सतरा वर्षांचा असताना चुलत्याची ठासणीची बंदूक त्याला न विचारता उडवली. दारू किती घालायची ते पाहून पाहून ठाऊक होते, असे मला वाटत होते. मूठभर घातली, गजाने ठासली, टोपी बसवली, दस्ता खांद्याला नीट न टेकवता चाप ओढला. डुक्कर कुठे गेले ते मला माहीत नाही. मी बांधावरून खाली गेलो आणि पंधरा दिवस उजवा हात डोक्याच्या वर गेला नाही. चुलता रागावला नाही. म्हणाला, "बंदूक दोन्हीकडून उडते रे. पुढे शिसं जातं, मागे तुझा खांदा."

तेच शास्त्र आहे. होडीतून धक्क्यावर उडी मारली की होडी मागे सरते. तीस-बत्तीस ग्रॅम शिसे सेकंदाला साडेतीनशे मीटरहून जास्त वेगाने पुढे जाते, तेव्हा तीन किलोची बंदूक सेकंदाला चार मीटरच्या वेगाने मागे येते. बंदूक जितकी हलकी, तितका धक्का जास्त. वेग तोच ठेवून माल दीडपट भरला तर धक्क्याचा जोर दीडपट नाही, सव्वादोनपट होतो. इंग्लंडच्या जुन्या कारागिरांचा आडाखा होता की शिशाच्या वजनाच्या ९६ पट बंदुकीचे वजन असावे. बत्तीस ग्रॅमला तीन किलोच्या वर. म्हणून दुकानात हातात घेऊन "किती हलकी आहे" म्हणून खूश होऊ नका. मायबहिणींना किंवा किरकोळ अंगाच्या माणसाला वीस बोअर सोयीची पडते, पण तीही अगदी हलकी घेतली तर तेवढीच मारते.

धक्क्याने खांदा दुखतो हे लहान नुकसान. मोठे नुकसान असे की माणूस त्याला भितो. पुढच्या वेळी चाप ओढायच्या आधीच डोळे मिटतो, नळी हलते, गोळी कुठेही जाते. म्हणून दस्ता आपल्या हाताच्या लांबीला जुळणारा हवा, खांद्याच्या खोबणीत घट्ट बसणारा हवा. खांदा आणि दस्ता यांत बोटभर फट राहिली की तो टेकत नाही, ठोसा मारतो.

घ्यायचीच असेल तर

माझा सल्ला विचाराल तर एकनळी किंवा दुनळी बारा बोअर, वजन तीन किलोच्या आसपास, मधून मोडून उघडणारी. उघडली की नळी रिकामी आहे की भरलेली ते अंधारातही बोटाने कळते. बारा बोअरची काडतुसे सहज मिळतात. आपल्या पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्यातही ती बनतात. विरळ बोअरची स्वस्त जुनी बंदूक घेतली तर काडतुसासाठी वणवण होते.

जुनी घेणार असाल तर चार गोष्टी बघा. नळी उजेडाकडे धरून आतून पाहा. गंजाचे खड्डे, फुगवटा किंवा पोचा असेल तर सोडून द्या. बिजागरी खिळखिळी असेल तर सोडून द्या. नळीवर पिळाची नक्षी असलेली फार जुनी बंदूक काळ्या दारूच्या जमान्यातली असते. आजचे काडतूस तिच्यात घालू नका. आणि काडतुसाचे घर ६५ मिलिमीटरचे असेल तर ७० चे काडतूस घालू नका. ते आत बसते, पण उडताना त्याचे तोंड उघडायला जागा उरत नाही आणि दाब वाढतो.

एका घरात बारा आणि वीस अशा दोन बंदुका ठेवू नका. वीसचे काडतूस बाराच्या नळीत घसरून पुढे अडकते. वाटते नळी रिकामी आहे. मागून बाराचे घातले की नळी फुटते. ठासणीची असेल तर दारू मापानेच घाला, आणि काडतूस फोडून त्यातली बिनधुराची दारू ठासणीत कधीही भरू नका. नळी तर फुटेलच, डावा हातही उरणार नाही.

बंदुकीने काय होणार नाही

एवढे सांगून झाल्यावर मूळ मुद्दा सांगतो. बंदुकीने ज्वारी वाचेल असे मी मानत नाही. डुकरीण एका वेळी चार-सहा पिले घालते. एक मारले की रानातून दुसरी टोळी येते. कोकणात घराघरांत नळी होती, तरी आमच्या वरकस जमिनी ओस पडल्याच. बंदूक हे शेवटचे साधन आहे. त्याआधी जागल, शेजाऱ्यांनी मिळून केलेले कुंपण, झटका मशीन. झटका मशीनचा प्रवाह क्षणभराचा असतो, जनावर दचकून पळते. त्याऐवजी खांबावरून आकडा टाकून थेट २३० व्होल्ट तारेत सोडणे हा गुन्हा आहे, आणि पाण्याला गेलेला आपलाच मुलगा त्या तारेवर पडतो. भाकरीच्या गोळ्यात गावठी बॉम्ब ठेवणारा तर गुरे आणि गुराखी दोघांचा वैरी आहे.

पण लोक या थराला का जातात? सरळ वाट बंद आहे म्हणून. ज्याला परवाना मिळत नाही, पंचनामा वेळेवर होत नाही, भरपाई पदरात पडत नाही, तो तार टाकतो. नाहीतर ज्वारी सोडून देतो. ज्वारी गेली की घरची भाकरी गेली आणि बैलाचा कडबाही गेला. गावागावांतून ज्वारी उठते आहे, आणि त्याचे एक कारण हेही आहे की तिच्यासाठी रात्र जागायला आता माणूस नाही.

म्हणून जिल्हा बैठकीत ठरावासाठी मी चार मागण्या मांडतो. पहिली, शेती संरक्षण परवान्याच्या अर्जाचा निकाल ठराविक मुदतीत लागावा आणि नकार असेल तर लेखी कारणासह यावा. दुसरी, बंदूक हाताळण्याचे प्रशिक्षण तालुक्याच्या ठिकाणी द्यावे. तिसरी, निवडणूक लागली की सगळ्यांच्या बंदुका ठाण्यात जमा करून घेण्याची पद्धत थांबावी. निवडणूक आयोगाच्या सूचनांतच छाननी समितीने परवानेनिहाय निर्णय घ्यावा असे आहे. डुकराला आचारसंहिता लागू नाही. चौथी, आणि सर्वांत महत्त्वाची, सरकारी जनावराने खाल्लेल्या पिकाची किंमत बाजारभावाने मिळावी.

आणि आपल्या घरची बाजूही पाळायची आहे. गावात प्रत्येकाने नळी घेण्याचे कारण नाही. शांत डोक्याचे, दारूला न शिवणारे, शिकून आलेले दोन-चार जण पुरेत. बंदूक कुलपात, काडतुसे दुसऱ्या कुलपात. बांधाच्या भांडणात जो ती बाहेर काढेल त्याचा परवाना रद्द करा, असे गावानेच लिहून द्यावे. आपण हे पाळले तर कचेरीतल्या साहेबाला आपल्याला नाही म्हणायला तोंड उरणार नाही.

बैठकीला येताना सातबारा आणा, नुकसानीचे फोटो आणा, नाकारलेल्या किंवा पडून राहिलेल्या अर्जाची पोच आणा. तोंडी तक्रार कचेरीतले पंख्याचे वारे उडवून नेते. दोनशे पोचपावत्या एकत्र बांधून टेबलावर ठेवल्या तर वाऱ्याने उडत नाहीत.